डाव्या बाजूचा कागद

आमच्या गाडीला आखाडा बाळापुरात कुणी गाडी म्हणत नसे, ‘लांबडी’ म्हणत. धरणाच्या कामावर आलेला एक साहेब बदली होऊन जाताना ती विकून गेला आणि आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती घेतली. परदेशी बनावटीची, कैरीच्या रंगाची आणि इतकी लांब की अंगणात वळवताना तिचं तोंड गोठ्यात शिरायचं आणि मागचा भाग चिंचेखाली राहायचा. मागे तिचं नाव अक्षराअक्षरांनी चिकटवलेलं होतं, पण त्यातली तीनच अक्षरं शिल्लक होती, त्यामुळे ती कोण, कुठली, हे आम्हाला शेवटपर्यंत धड कळलं नाही. अण्णांनी ती बैल पारखावा तशी पारखली होती. बाळापूरच्या बाजारात कुणाला बैल घ्यायचा असला की लोक आधी अण्णांना बोलवायला येत. अण्णा बैलाच्या जबड्यात हात घालून दात बघत, खूर उचलून बघत, पाठीवर थाप मारून कातडी कशी थरथरते ते बघत, आणि मग एकच शब्द बोलत, ‘घ्या’ किंवा ‘सोडा’. तो शब्द बाजारात शेवटचा असे. लांबडीचंही बॉनेट उघडून त्यांनी आत हात घातला, चाकं बघितली, टपावर थाप मारली आणि स्वतःलाच म्हणाले, ‘घ्या.’ बैलाच्या मागे कुणी उभं राहत नाही, लाथ बसते. म्हणून की काय कोण जाणे, लांबडीच्या मागच्या बाजूला ते वाकून बघायला गेले नाहीत.

पुढे कितीतरी दिवस ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “एक ओरखडा न्हाई. आपल्याला कुणी फसवू शकत न्हाई, बाबा.”

ज्या वस्तूसाठी हे सगळं लिहायला बसले आहे, ती वस्तू हातभर लांबीची एक पट्टी आहे. लांबडीचा बंपर अंगापासून चार बोटं बाहेर होता. ती मधली फट झाकायला, बंपराच्या उजव्या टोकाला एक आणि डाव्या टोकाला एक, अशा रबरासारख्या मऊ प्लास्टिकच्या दोन पट्ट्या होत्या. धक्का बसला तर बंपर थोडा आत सरकावा, पट्टीनं दबावं आणि पत्र्याला काही होऊ नये, अशी ती योजना. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लांबडीच्या मागे उकिडवी बसून, बोटानं पट्टी दाबून दाबून ते शोधून काढलं होतं. माझा स्वभावच असा, सारखं ‘का’ विचारायचा. माय वैतागून म्हणायची, “या पोरीच्या तोंडात ‘काहून’शिवाय दुसरा शब्दच न्हाई.” आज माझा भाचा अमोल या पट्टीला ‘फिलर पॅनल’ म्हणतो आणि मोबाइलवर तिचे फोटो पाठवतो. आमच्याकडे तेव्हा तिला नावच नव्हतं, आणि नाव नसलेल्या वस्तूबद्दल मला जरा जास्तच माया असे.

माझा भाऊ दिनकर, आमचा दिनूभाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याला लांबडीचं वेड होतं. रोज सकाळी तो तिला बैलांच्या आधी धुवायचा, हे अण्णांना मुळीच आवडायचं नाही. मी चौदा वर्षांची असताना एका संध्याकाळी तो गाडी मागे घेत होता आणि बंपर चिंचेला टेकला. कट्ट असा बारीक आवाज आला, इतकाच. डाव्या पट्टीचा कोपरा तुटून खाली पडला आणि मागची फट उघडी झाली. अण्णा ओट्यावरून उतरले, वाकून बघितलं, तर डावीकडची फट उजवीकडच्यापेक्षा चांगली दोन बोटं रुंद दिसली. ओट्यावर चार माणसं बसलेली होती. त्यांच्यादेखत अण्णांनी दिनूभाऊच्या थोबाडीत मारली.

“आण्णा, नुस्ती टेकली,” दिनूभाऊ म्हणाला.

“नुस्ती टेकल्यानं गाडी वाकडी व्हती व्हय? आन् वरून खोटं बोलून राहिला?”

किल्ली अण्णांच्या बंडीच्या खिशात गेली आणि त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. बंद म्हणजे पुरतं बंद. दिनूभाऊ हातभर अंतरावर उभा असला तरी अण्णा मला हाक मारत, “सुमे, सांग त्याला, बैलं सोड म्हणावं.” मी मान वळवून सांगायची, “दिनूभाऊ, बैलं सोड म्हणून राहिले.” तो म्हणायचा, “सांग, सोडतो म्हणावं.” सुरुवातीला मला ही कामगिरी फार मानाची वाटली. दोन वर्षांत तिनं जीव नकोसा केला. जेवणंही दोन झाली. अण्णा ओसरीत, दिनूभाऊ आत चुलीजवळ. माय दोघांमध्ये ताट, भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन येरझारा घालायची, आणि तिच्या पाटल्यांचा आवाज तेवढा घरात ऐकू यायचा.

मी सोळा वर्षांची झाले त्या वर्षी दिनूभाऊनं मायला सांगितलं, हळद निघाली की मी नांदेडला जातो, एका ट्रकवाल्यानं क्लीनर म्हणून बोलावलंय. माय त्या दिवशी भाकरी थापता थापता थांबली. “जायचं तर जाय,” ती म्हणाली, “पर बापाशी बोलून जाय.” दिनूभाऊ उठून गोठ्यात गेला. मला मात्र एकाएकी कळून चुकलं की तो असा न बोलता गेला तर परत येणार नाही. शेतात हळद काढणी चालू झाली होती. कढया चढल्या होत्या, सगळ्या गावाला शिजत्या हळदीचा तो उग्र, मातकट वास लागला होता, आणि मी रोज सकाळी उठून शेतात अजून किती हळद राहिली ते बघून यायची.

नेमकं त्याच वेळी लांबडीच्या पट्ट्यांचं निघालं. पुसेगावच्या पाहुण्यांकडे लग्न होतं आणि नवरदेव लांबडीतून आणायचं अण्णांनी कबूल केलं होतं. पण दोन उन्हाळ्यांनी त्या पट्ट्यांचा पार भुगा केला होता. हात लावला की पापडासारखा तुकडा हातात यायचा. माय म्हणाली, “मागून दात पडल्यावाणी दिसते. पाहुने हसतील.” दाताचं नाव काढल्यावर अण्णांना ते लागलं. एका दुपारी त्यांनी आम्हा सगळ्यांना शेतात पाठवलं आणि उरलेल्या पट्ट्या स्वतःच्या हातानं उपटून काढल्या. आम्ही परत आलो तेव्हा डाव्या बाजूला त्यांनी पोतं बांधून ठेवलं होतं. मी विचारलं, “काहून?” म्हणाले, “पत्रा धारदार हाय. लेकरं हात घालतील.” उजव्या बाजूचा पत्राही तितकाच धारदार होता, पण तिथे पोतं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं आणि, कबूल करते, मी ते सोडून दिलं. आयुष्यात मी फार थोड्या गोष्टी सोडून दिल्या, त्यातली ही एक.

हिंगोलीच्या पत्रेवाल्याला माप द्यायचं होतं. ते काम माझ्याकडे आलं, कारण माय गावातल्या बायकांच्या चोळ्या-ब्लाउज शिवायची आणि कागदावर कापणं मी तिच्याकडून शिकले होते. तिची रीत सोपी होती. कापड दुमडायचं, अर्ध्याचंच माप घ्यायचं, कात्री चालवायची. उघडलं की दोन्ही बाजू बरोबर. ती म्हणायची, “देवानं मानूस दुमडून कापलाय.” मी वर्तमानपत्र दुमडलं, लांबडीच्या उजव्या बाजूला लावलं, कोळशानं खुणा केल्या आणि कापलं. उघडल्यावर उजवी आणि डावी, अशा दोन सुबक पट्ट्या माझ्या हातात होत्या. डावीकडचं पोतं सोडून बघावं, असं माझ्या मनातही आलं नाही. चोळी शिवणारी कुठली बाई दुसऱ्या खांद्याचं माप घेते?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अण्णा आणि मी हिंगोलीला गेलो. करीमचाचा धान्याच्या कोठ्या बनवायचे. त्यांच्या दुकानात पत्र्यावर हातोडी इतकी जोरात वाजत असे की गिऱ्हाईकाशी ते खुणांनीच बोलत. माझा कागद त्यांनी उजेडात धरला, हातोडी थांबवायला लावली आणि म्हणाले, “किसने काटा? बहुत साफ काटा.” मला आभाळ ठेंगणं झालं. मग त्यांनी फळीवर तीन तुकडे मांडले. एक पत्र्याचा, एक पिठाच्या गिरणीच्या रबरी पट्ट्याचा आणि एक निळ्या प्लास्टिकच्या पिंपातून कापलेला.

त्या तीन तुकड्यांपाशी मी किती वेळ होते, सांगता येत नाही. प्लास्टिक वाकवलं तर वाकलेल्या जागी पांढरी रेघ उमटायची. म्हणजे दोन उन्हाळ्यांत त्याचा पुन्हा पापड. पत्रा ताठ आणि देखणा, पण त्यात दबण्याचा गुण नाही. चिंचेला टेकला तर तो स्वतः वाकणार आणि वर गाडीचा रंग खरवडणार. रबर दिसायला काळं, ओबडधोबड. पण अंगठ्यानं दाबलं की आत जायचं आणि सोडलं की जागेवर यायचं. मी ते दहा वेळा दाबलं. करीमचाचा हसायला लागले.

“अण्णा, रबराची घेऊ,” मी म्हणाले.

अण्णांनी रबराकडे बघितलंही नाही. “पत्र्याची. आन् रिबिटा मारून पक्की बसवा. पुन्हा निघाली न्हाई पायजे.”

“रबर बोल्टवर बैठता है, पाटील. कभी भी खोल सकते,” करीमचाचा म्हणाले.

“खोलायचंच न्हाई,” अण्णा म्हणाले.

कोणतीही वस्तू घेताना अर्धा दिवस घासाघीस करणारे माझे वडील, त्या दिवशी एका वाक्यात सौदा संपवून उठले. एसटीत मी खिडकीशी बसून ह्याचाच विचार करत होते. खोलायचंच नाही, असं काहून?

चार दिवसांनी करीमचाचा पत्र्याच्या पट्ट्या, सामानाची पिशवी आणि दुकानात माझं पडलेलं तोंड बघून बरोबर घेतलेली रबराची गुंडाळी घेऊन बाळापूरला आले. उजवी पट्टी अशी बसली की मला टाळी वाजवावीशी वाटली. मग त्यांनी डावीकडचं पोतं सोडलं, पट्टी लावली, तर ती वरून बरोबर आणि खालून दोन बोटं अपुरी. त्यांनी ती फिरवून बघितली, दाबून बघितली. अण्णा मागून म्हणाले, “पोरीचं माप चुकलं.”

मायच्या हाताखाली मी कापलेली एकही चोळी आजवर परत आली नव्हती. मी काही बोलायच्या आधी करीमचाचाच म्हणाले, “बेटी का माप बराबर है. गाडी टेढी है.”

“ते त्या दिनूनं केलंय,” अण्णा पटकन म्हणाले.

मी घरात पळाले आणि मायचा हातात धरायचा छोटा आरसा घेऊन आले. लांबडीच्या मागे जमिनीवर पालथी पडले, आरशानं ऊन पकडलं आणि त्या फटीत सोडलं. आत उजेड पडला. पत्र्यावर वेल्डिंगचा जाड, गाठीगाठींचा व्रण होता. त्यावर कुणीतरी लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायचा लगदा, थापलेली होती, तिला भेगा पडल्या होत्या, आणि भेगांच्या आत गंज होता. आणि वरचा हिरवा रंग जिथे उडाला होता, तिथे खाली दुसरा रंग होता. निळा. मी आरसा हलवून हलवून बघितलं. निळाच. लांबडी आमच्या अंगणात आली ती हिरवी होऊन आली होती. म्हणजे ती निळी असतानाच कधीतरी, कुठेतरी, तिला मागून जबर मार बसला होता, कुणीतरी ती जोडून, लिंपून, रंगवून विकली होती, आणि त्या मऊ पट्टीनं हे सगळं झाकून धरलं होतं. दिनूभाऊनं तोडला होता तो फक्त पट्टीचा कोपरा.

मी उठून बसले. करीमचाचांनी माझ्याकडे बघितलं, मग आरशाकडे, मग अण्णांकडे. त्यांनी आधीच पाहिलं असणार. ते एवढंच म्हणाले, “पाटील, पहले खाना खा लें?”

ते जेवण मला अजून घासाघासानं आठवतं. भाकरी, अंबाडीची भाजी आणि भुरका. भुरका म्हणजे कडकडीत तेलात लसूण आणि लाल तिखट, माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढणारा. ओसरीत अण्णा आणि करीमचाचा, आत चुलीपाशी दिनूभाऊ, दारात मी, आणि माय फिरती. अण्णा म्हणाले, “डावी पट्टी रुंद कापा आन् मारा रिबिटा. आजच.” माझ्या तोंडात घास होता, तो मी गिळला. भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा ते विचारल्याशिवाय राहवेना, हे खरं.

“अण्णा, आत निळा रंग काहून हाय?”

घरात पाटल्या वाजायच्या थांबल्या. अण्णांचा हात भाकरीवर तसाच राहिला. मी पुढचं वाक्य जुळवत होते, की रंग निळा आहे म्हणजे मोड जुनी आहे, मोड जुनी आहे म्हणजे दिनूभाऊ खोटं बोलला नव्हता. पण त्याआधी आतून, चुलीपासून, दिनूभाऊचा आवाज आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो निरोप न सांगता, ओसरीला ऐकू जाईल असं बोलला.

“असंल कोनाचा तरी रंग. तुला काय करायचंय? मारू दे त्याईला रिबिटा.”

मला काहीच कळेना. मी ज्याच्यासाठी जमिनीवर लोळले, तोच मला गप्प बसवत होता! मी इतकी चिडले की रडूच आलं. अण्णा ताटावरून उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन चिंचेखाली उभे राहिले. लांबडीच्या मागे, जिथे बैल घेताना ते कधी उभे राहत नसत, तिथेच. बराच वेळ त्यांची पाठ आमच्याकडे होती. मग त्यांनी तिथूनच हाक मारली.

“करीमभाई, रबराची लावा. बोल्टावर.”

करीमचाचा पिशवी घेऊन गेले. अण्णा म्हणाले, “पाना दिनूला द्या.” आणि मग दाराकडे वळून, “दिनू, डावी बाजू तू आवळ.”

आणि मी, दोन वर्षांची सवय, मान वळवून बोलूनही गेले, “दिनूभाऊ, डावी बाजू तू आवळ म्हणून राहिले.”

“ऐकलं मी,” दिनूभाऊ म्हणाला. करीमचाचांना हसू फुटलं, मग मला, आणि अण्णांच्याही मिशीखाली काहीतरी हललं. माय तेवढी चुलीशी पाठ करून बसली होती आणि भुरक्याचा ठसका लागल्याचं सांगत डोळे पुसत होती. डाव्या बाजूचं माप मी नव्यानं घेतलं, वेगळ्या कागदावर. दिनूभाऊनं बोल्ट आवळले. काम झाल्यावर अण्णांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढून टपावर ठेवली आणि म्हणाले, “मागं घेताना चिंच बघत जाय.” माफी म्हणून त्यांनी जन्मात एवढंच एक वाक्य उच्चारलं असेल. पुसेगावला नवरदेव दिनूभाऊनं आणला. ट्रकवाल्याकडे तो गेला नाही. पुढे काही वर्षांनी तो नांदेडला जाऊन इंजिनाचं काम शिकून आला, ते अण्णांनी स्वतः एसटीत बसवून दिलं म्हणून.

हे सगळं आज आठवायचं कारण अमोल, दिनूभाऊचा मुलगा. गेल्या महिन्यात त्यानं शेडमधून लांबडी बाहेर काढली आहे, तिला पुन्हा नवी करायची म्हणून. दोन पट्ट्यांचे फोटो पाठवून मला विचारलं, “आत्या, फायबरची घेऊ का मऊवाली?” मी म्हटलं, मऊवाली. परदेशातून पार्सल आलं. परवा मी बाळापूरला गेले तेव्हा तो घामाघूम होऊन डाव्या बाजूशी झटत होता. “आत्या, माल चुकीचा आला. उजवी बसली, डावी बसून नाही राहिली!” खाटेवर बसलेला दिनूभाऊ खोकला येईपर्यंत हसला. आता तो सत्तरीचा आहे, आणि अण्णांसारखाच दिसतो.

इतक्या वर्षांत न विचारलेलं मी तेव्हा विचारलं. “दिनूभाऊ, त्या दिवशी मला गप्प काहून केलंस?”

तो अमोल ऐकत नाही ना ते बघून म्हणाला, “मला ते वेल्डिंग पहिल्या आठवड्यातच दिसलं व्हतं. गाडी धुताना हात लागला.”

“मग थोबाडीत काहून खाल्लीस? दोन वर्षं बोलला नाहीस!”

“ओट्यावर चार मान्सं बसली व्हती, सुमे. आण्णा फसले, हे त्यायच्यासमोर कसं सांगू? उद्या बैल पारखायला त्यायला कोनी बोलावलं असतं?”

आयुष्यभर मी समजत होते की त्या घरातलं गुपित मी शोधून काढलं. ज्याला मार बसला, त्याला ते माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती दोन जेवणं आली, मायच्या येरझारा आल्या, आणि माझ्या भावाबद्दल मला इतकं भरून आलं की मी त्याचा हात धरून नुसती बसून राहिले.

“आत्या,” अमोल गाडीमागून ओरडला, “इथं आत जुनं वेल्डिंग दिसून राहिलंय. घासून, भरून घेऊ का?”

दिनूभाऊनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “राहू दे. आजचा पेपर आन इकडं, आणि कात्री.” गुडघे साथ देत नव्हते, तरी मी लांबडीच्या डाव्या बाजूला खाली बसले आणि कागद न दुमडता माप घेतलं.